परेडवरचं पदक

टॉपशॅम, ३ फेब्रुवारी १८८६

प्रिय गिल्बर्ट,

आस्वानहून तू पाठवलेलं पत्र काल मिळालं. पाकिटावर माझं एकटीचं नाव होतं. तुझे वडील दारात उभे होते, पोस्टमनकडून त्यांनीच ते घेतलं. हल्ली त्यांना चष्म्यानंही फारसं दिसत नाही, पण अक्षर ओळखलं असावं. "जेमायमा, तुझं पत्र," एवढं म्हणाले आणि काठी घेऊन नदीकडे गेले.

जूनमध्ये तू तीन आठवडे लंडनला येणार, मी तिथं येऊन भेटावं, आणि टॉपशॅमला तू येणार नाहीस. तू सरळ लिहिलं आहेस, मीही सरळ लिहिते. डॉक्टर लँगमीड म्हणतात, तुझ्या वडिलांचं हृदय थकलं आहे. उन्हाळा निघेल, म्हणाले. हिवाळ्याबद्दल विचारलं तर ते हातमोजे शोधायला लागले. जूनमध्ये तू आला नाहीस, तर बापलेकांची भेट राहिलीच असं समज.

तू लिहितोस, तुला खेचरांवर नेमलं आहे, लढणाऱ्या कंपन्या पुढं जातात आणि तू मागं दाणा मोजत बसतोस. बापाचं नाव आडवं आलं, असा तुला संशय आहे. असेल. पलटणीतल्या गोष्टी लवकर मरत नाहीत. पण खेचरांवर नेमणूक हा अपमान आहे, हे तू या घरात बोलला असतास तर मी तुला जेवणावरून उठवलं असतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलेलं नाही. "मेसमधल्या एका पैजेपायी त्यांनी मेजरपद घालवलं आणि त्याची किंमत आईनं या ओलसर घरात मोजली." ती पैज नव्हती, गिल्बर्ट. यापुढं मला लिहिता येत नाही, कारण मी शब्द दिलेला आहे.

इथं सगळं ठीक आहे. बेट्सी हेक्स्टर शुक्रवारी मासे घेऊन आली. ती अजून फाटकातून "मेजरसाहेब" म्हणून हाक मारते आणि तुझे वडील दर वेळी तिला सुधारतात.

"कॅप्टन, बेट्सी."

"हे बघा, हा सॅमन मेजरच्या मापाचा आहे," ती म्हणाली. "कॅप्टन असाल तर त्या टोपलीत बारके आहेत, ते घ्या."

त्यांनी सॅमन घेतला.

तुझी
आत्या


टॉपशॅम, १४ फेब्रुवारी १८८६

प्रिय गिल्बर्ट,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर येण्याआधीच हे लिहिते आहे. मी तुझ्या वडिलांना विचारलं. तुझं नाव घेतलं नाही. फक्त म्हटलं, "सेप, त्या सकाळची गोष्ट मला एका माणसाला सांगायची आहे."

ते पाव कापत होते. पूर्ण कापून झाल्यावर म्हणाले, "टकेटची बायको जिवंत आहे."

"टकेट तर गेला."

"ती आहे. आणि जागा तिथंच आहे."

मी म्हटलं, त्या एका माणसाचं तुझ्याबद्दलचं मत बदलेल. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांनी मी स्वतःसाठी ते बोलायचं? मग तेव्हाच बोललो असतो. स्वस्तात सुटलो असतो." मग त्यांनी लोणी मागितलं. विषय संपला.

जे सांगायला बंदी नाही, तेवढं तरी तुला सांगते. तुला त्यांची नोकरी कशी झाली हे कुणी नीट सांगितलंच नाही. त्यांनी नाहीच सांगितलं. मेसनं सांगितलं ते हसत सांगितलं.

सतराव्या वर्षी ते पलटणीत गेले. दहा वर्षांनी क्रिमियात पोचले तेव्हा सेबास्टोपोल पडून आठ दिवस झाले होते, म्हणून त्या लढाईचं पदक नाही. त्यानंतर बारा वर्षं छावण्या, कवायती, आयर्लंडचा पाऊस. मग ॲबिसिनियाची मोहीम निघाली. वाहतुकीसाठी अधिकारी हवे होते. कुणी नाव देईना. त्यांनी दिलं. तुझ्या आईनं विचारलं, खेचरांतलं तुला काय कळतं? ते म्हणाले, काही नाही, पण ती रणगीतं म्हणत नाहीत.

झुलाच्या किनाऱ्यावर ते उतरले तेव्हा तिथं गोडं पाणी नव्हतं. जहाजांवर समुद्राचं पाणी उकळून, वाफेचं पाणी करून किनाऱ्यावर पाठवत. साखळ्या आल्या नव्हत्या, खेचरं दोर चावून तोडत आणि पाण्यासाठी वेडी होऊन वाळूत फिरत, पडत, मरत. हाकणारे दहा देशांचे, निम्मे पळून गेलेले. तुझ्या वडिलांच्या ताब्यात एकशे नव्वद जनावरं दिली होती. त्यांनी पाण्याच्या हौदापाशी तंबू ठोकला. एका वेळी वीस जनावरं सोडायची, बाकीची मागं धरायची, आणि सगळी पिऊन झाल्याशिवाय कुणाही माणसानं, कॅप्टन धरून, पाण्याला तोंड लावायचं नाही. असे एकोणतीस दिवस. जबेझ टकेट तिथं त्यांच्या हाताखाली शिपाई होता, त्यानं मला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाईसाहेब, आम्ही त्यांना शिव्या घालायचो, त्यांना ऐकू जाईल अशा. ते मान हलवायचे, जणू हजेरी घेताहेत."

एकशे नव्वदपैकी एकशे एकसष्ट वर पठारावर पोचली. तेवढी कुणाचीच पोचली नाहीत. स्वतःचा घोडा त्यांनी ओझ्याला दिला आणि ते चालत गेले. मॅगडालाला पोचले तेव्हा किल्ला आदल्या दिवशी पडला होता. संपूर्ण मोहिमेत त्यांच्या कानावर तोफेचा एकही आवाज पडला नाही. मेसमध्ये याच्यावर हसत. ते स्वतःही हसत.

पण पुढं गेलेल्या माणसांनी जे खाल्लं, ते त्यांच्या जनावरांच्या पाठीवरून आलेलं होतं. पदक सगळ्यांना सारखं मिळालं.

आत्या


डेव्हनपोर्ट, २ मार्च १८८६

प्रिय गिल्बर्ट,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. "शब्द दिला असेल तर पाळ. मला ऐकायचंही नाही." ते वाचून मी आगगाडीनं इथं आले. घरी सांगितलं, मैत्रीण आजारी आहे. छप्पन्न वर्षांत भावाशी खोटं बोलण्याची ही पहिलीच वेळ असेल. त्यांनी डबा भरून द्यायला सांगितलं.

मी थर्झा टकेटकडे आले. जबेझची विधवा. ती अधिकाऱ्यांचे शर्ट धुते, इस्त्री करते. मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः इस्त्री थांबवली नाही. मी सगळं सांगितलं: तुझं, वडिलांचं, डॉक्टरांचं. परवानगी मागितली.

"त्या पोराला वाटतं साहेबांनी पैज लावली होती?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनाच वाटतं."

"वाटू दिलं ना त्यांनी," ती म्हणाली. "जबेझ मरेपर्यंत म्हणायचा, मी कर्नलकडे जातो, सांगतो. मी म्हणायची, जा, आणि साहेबांनी जे फेकलं ते वाया घालव." तिनं इस्त्री चुलीवर ठेवली. "सांगा पोराला. पण साहेबांना कळू देऊ नका. त्यांना वाटेल, त्यांनी दिलेलं आम्ही परत केलं."

म्हणून मी सांगते आहे. तिच्याच टेबलावर बसून लिहिते आहे.

१८७० चा मे महिना. तू तेव्हा शाळेत, अकरा वर्षांचा. पलटण इथंच होती. टकेटांना एक मुलगी होती, लेटी, चौदा महिन्यांची. घटसर्पानं ती तीन दिवसांत गेली. तिला दात येत होते तेव्हा जबेझ तिला आपलं पदक चावायला द्यायचा. चांदी गार लागते. दुसरं खेळणं तिला नव्हतं. शवपेटी बंद करताना त्यानं ते पदक तिच्या मुठीत ठेवलं. कुणाला विचारलं नाही, विचार केला नाही. माती पडली.

सैनिकानं पदक गमावणं हा गुन्हा आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बहुतेक लोक ते दारूसाठी गहाण टाकतात, आणि पकडले गेले की म्हणतात हरवलं, चोरीला गेलं, मेलेल्या आईच्या पेटीत ठेवलं. लष्करी कोर्टानं ही सगळी कारणं ऐकलेली. नऊ दिवसांनी जनरलची वार्षिक पाहणी होती. टकेट तुझ्या वडिलांकडे आला आणि खरं ते बोलला. त्यांनी विश्वास ठेवला. पण कोर्ट ठेवणार नाही, हे त्यांना कळत होतं. ठेवायचाच तर पुरावा लागेल, आणि पुरावा कुठं होता? त्या वेळी एक सार्जंट होता, तो सहज बोलून गेला की खरंखोटं करायला एक फावडं पुरेल. तुझी आई तेव्हा खोलीत होती. तिनंच थर्झाबरोबर त्या लेकराला अंघोळ घातली होती.

टकेटला तुरुंग झाला असता, थर्झाला बराकीतून बाहेर काढलं असतं. पण त्या दोघांना त्याची भीती नव्हती. त्यांना भीती फावड्याची होती.

कल्पना तुझ्या आईची. पदक समोरून सगळ्यांचं सारखं. नाव असतं मागं. या एकाच मोहिमेच्या पदकावर ते मधोमध, उठावाच्या अक्षरांत असतं, प्रत्येकाचं वेगळं ठोकलेलं. लहानपणी तू त्यावरून बोट फिरवायचास. पण परेडवर मागची बाजू कोण बघतो? शिपायाची छाती मोकळी दिसली तर गुन्हा. कॅप्टनची मोकळी दिसली तर विसरभोळेपणा, दोन शब्द ऐकून घ्यायचे. आदल्या संध्याकाळी तिनं तुझ्या वडिलांच्या कोटावरून पदक उसवलं आणि टकेटच्या कोटावर शिवलं. टाके तिच्या हातचे होते, गिल्बर्ट. मी दोरा ओवून देत होते.

मग तिनं त्यांना एक शब्द पाठ करायला लावला. जनरलनं विचारलं तर म्हणायचं, "विसरलो, सर." त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "सेप, तुझ्या तोंडावर दिसतंय. पुन्हा म्हण."

आम्ही दोघी मैदानाच्या भिंतीशी उभ्या होतो. ऐकू येत नव्हतं. शब्द टकेटनं नंतर सांगितले. जनरल तुझ्या वडिलांसमोर थांबले.

"तुमचं पदक कुठं आहे, कॅप्टन?"

आणि ते म्हणाले, "परेडवर आहे, सर."

त्यांनी ठरवून केलं असं मला वाटत नाही. तोंडातून खोटं बाहेरच आलं नाही, आणि जे आलं ते खरं होतं. जनरल त्यांच्याकडे बघत राहिले. मग रांगेत शिरले आणि त्या फितीचं प्रत्येक पदक हातमोज्याच्या बोटांनी उलटून पाहू लागले. कंपनीत अशी अकरा पदकं होती. टकेट नववा.

"हा शिपाई कॅप्टन यॉलंड आहे का?"

"नाही, सर. त्यानं ते माझ्या हुकमानं लावलंय."

"त्याचं स्वतःचं कुठं आहे?"

"मला ठाऊक आहे, सर. सुरक्षित आहे."

"कारण?"

"कारण सांगणार नाही, सर."

एवढंच. हुकूम पाळणाऱ्या शिपायाला शिक्षा होत नाही. पदक गहाळ झाल्याचा ठपका तुझ्या वडिलांनी लेखी स्वतःवर घेतला, टकेटला वर्षभरानं दुसरं मिळालं. जनरलच्या अहवालात काय होतं ते आम्हाला दाखवलं नाही, पण पुढच्या वेळी मेजरपद त्यांच्या धाकट्याला गेलं, त्याच्या पुढच्या वेळी त्याच्याही धाकट्याला. निवृत्त होताना रीतीप्रमाणे नावापुरती जी बढती देतात, तीही दिली नाही.

पैजेची गोष्ट दोन पोरसवदा लेफ्टनंटांनी उठवली: यॉलंडनं म्हणे पैज मारली की जनरलला कळणार नाही. तुझे वडील हे ऐकत होते. मी म्हटलं, निदान एवढं तरी खोडून काढ. ते म्हणाले, "राहू दे. लोकांना कारण मिळालंय. आता टकेटचं पदक कुठं गेलं हे कुणी विचारणार नाही." ती अफवा त्यांनी चौकीदारासारखी त्या थडग्यावर उभी केली, आणि आजतागायत बदलली नाही. चार वर्षांपूर्वी तू येऊन विचारलंस तेव्हाही.

तुझ्या आईबद्दल. हे घर ओलसर आहे आणि ती इथंच गेली, हे खरं. पण तिनं कुणाच्या पैजेची किंमत मोजली नाही. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली, "एवढा एक शब्द होता, जेमायमा. एवढा एक शब्द त्याला म्हणता आला नाही." आणि हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसत होती. हसणारी बाई नवऱ्यावर रागावलेली नसते, एवढं मला लग्न न होताही कळतं.

आता तुला ठाऊक आहे. त्यांना कळू देऊ नकोस की तुला ठाऊक आहे. माफी मागू नकोस, ते लगेच ओळखतील. काय लिहायचं ते तूच ठरव.

आत्या


टॉपशॅम, १२ एप्रिल १८८६

प्रिय गिल्बर्ट,

आज पाकिटावर त्यांचं नाव होतं.

त्यांनी ते हातात फिरवून पाहिलं, डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं. मग मला दिलं. "वाच. आभाळ भरून आलंय, उजेड नाही." ऊन पडलं होतं.

मी वाचलं. मनात म्हणत होते, आता कुठंतरी त्या पोराचा पाय घसरणार. पण तू चारही पानं फक्त खेचरांवर लिहिलीस. एका हौदावर किती सोडायची. पुढच्या जनावरानं पाणी सोडलं नाही तर मागच्याला कसं आवरायचं. चढावर ओझं मागं सरकतं तेव्हा पट्टा कुठं घ्यायचा. दोर चावतात त्याला काय करायचं. एकदाही "बाबा, चुकलो" नाही. तुला एवढी अक्कल आहे हे मला माहीत नव्हतं.

शेवटी तू विचारलं आहेस, ओझ्याची ती गाठ कागदावर काढून दाखवता येईल का, की समोर बसून शिकावी लागेल.

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "पाण्याबद्दल पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "मूर्ख आहे," म्हणाले. "तीस सोडतोय एका वेळी." आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे.

संध्याकाळी बेट्सी आली. फाटकातून "मेजरसाहेब" म्हणाली. त्यांनी तिला सुधारलं नाही. ती घाबरून आत आली आणि मला हळूच विचारलं, साहेबांना बरं नाही का?

उद्या उत्तर सांगणार आहेत. मी लिहून घेईन.

आत्या


टॉपशॅम, १३ एप्रिल १८८६

प्रिय गिल्बर्ट,

अक्षर आत्याचं आहे, पत्र माझं. ती स्वतःचं काही घालणार नाही असं कबूल झालं आहे.

एका वेळी वीस. तीस सोडशील तर मधली दहा पाणी न पिता परत येतील आणि ती कोणती हे तुला कळणार नाही. हौदाशी स्वतः उभा राहा. सार्जंटवर सोपवू नकोस, सार्जंट दमतो आणि दमलेला माणूस मोजत नाही.

आधी जनावरं, मग माणसं, मग तू. माणसं शिव्या देतील. देऊ दे. चौथ्या दिवशी थांबतील. थांबली नाहीत तरी चालेल.

दोरांना डांबर चोळ. त्याची चव त्यांना आवडत नाही. चार-दोन जनावरांना आवडेल. त्यांना साखळी मिळव, मागून मिळाली नाही तर जहाजवाल्यांशी दोस्ती कर.

चढावर पट्टा छातीकडून घे, पोटाकडून नको. पाठ रोज हात फिरवून बघ, डोळ्यांनी नाही. हातमोजा काढून फिरव.

तुला या कामावर नेमलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मला आयुष्यात नीट जमलेलं काम हेच. बंदुकीची गोळी चुकली तर एक माणूस वाचतो. पाणी चुकलं तर वाचत नाही कुणीच. हे वाक्य जरा भाषणासारखं झालं. आत्या म्हणते राहू दे.

गाठ कागदावर येत नाही. समोर बसून शिकावी लागेल. मला आता नीट दिसत नाही, पण ती गाठ तशीही बघून मारायची नसते.

आणखी एक. तुझ्या आत्यानं तुला सांगितलं आहे. फेब्रुवारीत तिनं माझ्याकडे परवानगी मागितली, मी दिली नाही, आणि मार्चमध्ये तिची डेव्हनपोर्टची एक मैत्रीण आजारी पडली. डेव्हनपोर्टला तिची कोणी मैत्रीण नाही. थर्झा टकेटला विचारूनच सांगितलं असणार, तिला तेवढा पाचपोच आहे. माझी तक्रार नाही. पण मला कळलंय हे तिला समजू देऊ नकोस. शब्द मोडला म्हणून ती जेवायची नाही.

इथं मी लिहायची थांबले, गिल्बर्ट. ते वाट बघत होते.

"लिहिलंस?"

मी म्हटलं, लिहिलं.

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, एक शब्दही बदलू नकोस. मग त्यांनी पुढं सांगितलं, आणि मी लिहिते आहे:

जूनमध्ये लंडनला उतरलास की तार कर. एक्झिटरहून येणाऱ्या दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर असेन. डॉक्टर नको म्हणेल, त्याला सांगू नका. फलाटावर मी तुला ओळखलं नाही तर चार वर्षांत बदललास असं समजू नकोस, माझे डोळे गेलेत. तूच हाक मार.

एस. यॉलंड, कॅप्टन